हाताचा दाखला

४ मार्च

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे जे बिघडलेलं होतं ते तेवढंच बिघडलेलं आहे. आईला ऐकू येत नाही, पण तिच्याबद्दल कोण काय बोललं ते बरोबर कळतं. तुझे भावजी निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी मला वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवतात, जणू मला अक्षरओळख नाही आणि जग चालवण्याचं काम त्यांच्याकडे आलं आहे. तुमच्याकडे सगळे मजेत असतीलच. तुमच्याकडे नेहमीच सगळे मजेत असतात.

तुझं पत्र पोचलं. पत्र म्हणजे वर संस्थेचा शिक्का, तुझ्या नावापुढे अडीच ओळींच्या पदव्या, आणि खाली सख्ख्या बहिणीला ‘आपली विश्वासू’. मी ते आईच्या हातात दिलं. तिने उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, “विमावाल्याचं का गं?” मी हो म्हटलं. फोन केला की तू मीटिंगमध्ये असतेस, म्हणून मीही कागदावरच उत्तर देते आहे.

‘तुझ्यासारखा हात अख्ख्या देशात सापडायचा नाही,’ असं लिहिलं आहेस. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवायची गरज नव्हती. तीस वर्षं मी तेच झाड कापते आहे, त्याची उंची मला ठाऊक आहे.

कामाचं बोलायचं तर तुझी मागणी मला कळली ती अशी. तुझी एक विद्यार्थिनी नऊ महिने तुझ्याच पद्धतीने हरभऱ्याचे तुकडे कापते आहे आणि तिला एकही कोंब आलेला नाही. तिला चार आठवडे माझ्याकडे ठेवून घ्यायचं, हात बघायचा, आणि महिनाअखेर तुमची समिती बसण्याआधी लेखी द्यायचं की हिचा हात या कामाचा नाही. मग समिती तिची नोंदणी रद्द करणार आणि जागा दुसऱ्या कुणाला देणार. हात बघण्याआधीच तू निकाल लिहून पाठवलास, त्यामुळे माझं काम हलकं झालं. आभारी आहे.

तर ती आली परवा. एवढीशी, काटकुळी, सतत काहीतरी उचलून इकडून तिकडे नेणारी. मी तिला पहिल्याच दिवशी मुंगी म्हणायला लागले आणि तिने हरकत घेतली नाही. ती कशालाच हरकत घेत नाही. खुर्चीला धक्का लागला तर खुर्चीची माफी मागते. आपल्याच घरी उतरली आहे, आईच्या खोलीत. बॅगेत कपडे दोन आणि तुझा प्रबंध एक. प्रबंधाला तिने ब्राऊन पेपरचं कव्हर घातलं आहे, शाळेतली पोरं घालतात तसं. मी कपाळाला हात लावला.

तिच्याबरोबर जेवताना तुझ्या भावजींनी विचारलं, “हरभरा पेरला की उगवतो. मग त्याला बाटलीत घालून छळायचं कशाला?” मुंगीने चमचा खाली ठेवून त्यांना नीट समजावलं. बी पेरून रोप कोणीही काढेल. पण झाडाच्या एखाद्या तुकड्यातून, जिथे कोंब यायची काही सोयच नाही तिथून, नवं रोप काढता आलं, तर त्या रोपात रोगाला दाद न देणारा गुण घालता येतो. तंबाखू लगेच ऐकतो, गाजर ऐकतं. हरभरा नुसता पिवळट भुसभुशीत गोळा करून बसतो. “आणि आमच्या धाकटीने त्याला ऐकायला लावलं,” हे छाती काढून म्हणाले. मुंगी माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मीच ते केलं होतं. मी तिला म्हटलं, जेव, गार होतंय.

प्रयोगशाळेचं काय सांगू. एसी गळतो, खाली बादली ठेवली आहे. नवे साहेब सगळ्यावर सही करतात आणि वाचत काहीच नाहीत. मागच्या महिन्यात शिपायाने एकच रजा त्यांच्याकडून दोनदा मंजूर करून घेतली. तू इथून गेलीस ते बरंच झालं, इथे तुझ्या पदव्यांना जागा पुरली नसती.

तुझी ताई

१६ मार्च

चि. धाकटीस,

आशीर्वाद. आईचा खोकला कमी आहे. तुझ्या भावजींना आता संपादकाला पत्रं लिहायचा नाद लागला आहे. संपादक छापत नाही, पण यांचा उत्साह काही कमी होत नाही.

मुंगीचा हात पाहिला. मला तिच्यात खोट काढायची होती, तू सांगितलं होतंस म्हणून आणि मला तशी सवयही आहे म्हणून. पहिले तीन दिवस मी मागे स्टुलावर बसून नुसती बघत होते. ती स्पिरिटच्या दिव्यावर चिमटा धरते आणि निवेपर्यंत मनात अंक मोजते. बाटलीचं तोंड ज्योतीपासून हलवत नाही. दोनशेच्या वर बाटल्यांत बुरशी फक्त तीनमध्ये. तुला आठवत असेल, तू पहिल्या वर्षी काय केलं होतंस. बुरशीचं संवर्धन. जुने साहेब म्हणायचे की बुरशीवर पदवी असती तर तुला केव्हाच मिळाली असती.

आणि कापणं तर बघत राहावं असं. मोड आलेल्या हरभऱ्याचा शेंडा उडवायचा, मूळ उडवायचं. राहतो तो दोन डाळींमधला सांधा. त्याच्या दोन्ही बगलांत टाचणीच्या टोकाएवढा एकेक डोळा असतो. तो काढावाच लागतो. राहिला तर आठवड्याच्या आत त्यातून कोंब वर येतो, पण तो काही नवा नव्हे, तो आधीपासून तिथे होताच, कुंडीतही आला असता. डोळा काढल्यावर त्या जखमेतून जे फुटेल ते खरं. मुंगी भिंगाखाली ब्लेडचं टोक एकदाच फिरवते आणि डोळा बाहेर येतो. मी चाळीस तुकडे तपासले. चाळीसही स्वच्छ होते. आता माझाही हात इतका साफ राहिलेला नाही.

हे सगळं मी तुला सांगायला नको. तुझ्याच प्रबंधात आहे, पान त्रेचाळीस. मुंगी ते पान मला पाठ म्हणून दाखवते.

मग तिला कोंब का येत नाहीत? मला काय विचारतेस. मी अकरावी झालेली बाई. तुकड्यांना पोसायचा मीडिया शिजवायचा, बाटल्या भरायच्या, सांगितलं तसं कापायचं, वहीत तारीख टाकायची, एवढंच माझं काम. का आणि कसं हे तुझ्या खात्यातलं.

काल तिने विचारलं, “ताई, मॅडमच्या कामात कापायचं सगळं तुम्हीच केलं होतं ना?” मी म्हटलं, शेवटच्या वर्षाचं. “मग तुमच्या हातून कसे आले हो?” मी म्हटलं, नशीब. तर ही बया गंभीरपणे म्हणते, “प्रबंधात नशीब कुठे लिहिलेलं नाही.” हसावं की रडावं कळेना. पुढे म्हणाली की तिने तुझ्याकडे एक अर्ज केला होता. तुझे जुने नमुने स्पिरिटमध्ये ठेवलेले आहेत, त्यांच्या पातळ चकत्या करून सूक्ष्मदर्शकाखाली बघू या, कोंब नेमका कुठून फुटला आहे ते. तू नको म्हणालीस. खर्चाचं कारण दिलंस. आणि त्यानंतर आठवड्याभरात तुला तिचा हात वाईट वाटायला लागला. हे ती तक्रार म्हणून सांगत नव्हती, ती फक्त तारखा सांगत होती. मी ऐकून घेतलं आणि बाटल्या धुवायला गेले.

नको म्हणालीस ते बरं केलंस, एवढंच म्हणते. जुनं उकरून कुणाचं भलं होतं?

धुण्याच्या खोलीतलं ते स्टूल अजून आहे. त्यावर बसून तू रडत होतीस, शिष्यवृत्तीचे चार महिने उरले होते. मी तुझ्या हातातून ब्लेड काढून घेतलं आणि म्हटलं, ऊठ, तोंड धू, उद्यापासून मी कापते. मग कोंबच कोंब आले. जुन्या साहेबांनी सगळ्या मजल्याला चहा पाजला. आभारप्रदर्शनात तू मला अर्धी ओळ दिलीस, तीही शिपाई आणि टंकलेखक यांच्या मधे.

दाखल्याची एवढी घाई करू नकोस. पोरीला एखादं वर्ष दे, नाहीतर विषय बदलून दे. मसूर दे, वाटाणा दे. हात वाईट आहे असं मला लिहिता येईलसं दिसत नाही. बघू.

तुझी ताई

२८ मार्च

धाकटीस,

तुझं उत्तर मिळालं. एक ओळ: ‘दाखला ३० पर्यंत हवा, भावनेत अडकू नकोस.’ आईची चौकशी नाही. असो.

आता मी जे लिहिणार आहे ते मागच्या दोन्ही पत्रांत लिहायचं टाळत होते. एकोणीस वर्षांपूर्वी तुझ्यासाठी जे दोनशे चाळीस तुकडे मी कापले, त्यांतले डोळे मी काढले नव्हते. विसरले नव्हते, चुकले नव्हते. भिंगाखाली ब्लेड फिरवायचं, बाजूची साल खरवडायची म्हणजे जखम दिसते, आणि डोळा जागेवर ठेवायचा. असं दोनशे चाळीस वेळा केलं. तुझे सगळे कोंब म्हणजे हरभऱ्याने आपलं रोजचं काम केलं होतं, दुसरं काही नाही.

तू रडत होतीस, मला दया आली, हे कारण कुणालाही सांगता येईल असं आहे आणि मी ते स्वतःला सांगत आले. ते अर्धंच खरं. उरलेलं अर्धं असं की बाबांनी दोघींतल्या एकीलाच पुढे शिकवायचं ठरवलं तेव्हा माझे गुण तुझ्यापेक्षा बरे होते, आणि शिकायला तू गेलीस. मला तुझ्यावर हसायला काहीतरी हवं होतं. ते मी स्वतःच्या हाताने तयार केलं. तुला पदवी मिळाली, बढती मिळाली, परदेशची बोलावणी आली, वर्तमानपत्रात फोटो आला तो यांनी मोठ्याने वाचून दाखवला, आणि प्रत्येक वेळी मी मनात म्हणायचे, एवढी मोठी शास्त्रज्ञ आणि नाकासमोरचा कोंब ओळखता आला नाही! मूर्ख! एकोणीस वर्षं मी तुला मूर्ख समजत आले आणि त्यावर माझं बरं चाललं होतं. इथे जो येईल त्याला मी नावं ठेवते ना, त्याचं भांडवल हेच. सगळ्यांत हुशार बहिणीला मी बनवलं आहे, तर तुम्ही कोण लागून गेलात.

तुझा प्रबंध मी कधी उघडला नव्हता. मला तो हास्यास्पद वाटायचा. १७ तारखेला दुपारी मुंगी केस धुवायला गेली होती आणि तो टेबलावर पडला होता. फोटो बघावेत म्हणून चाळला. पान सत्याऐंशीवर एका बाटलीचा फोटो आहे. कोंब सुरेख, एकटा, सरळ वर गेलेला. बाटलीवरची चिठ्ठी दिसते आहे, माझं अक्षर, ब-१७. चिठ्ठीच्या खालच्या कडेला मी नेहमी तारीख टाकते. फोटोत ती कड कापलेली आहे. खाली छापलं आहे, ‘चोविसाव्या दिवशी’.

मी लगेच कपाटातून जुनी वही काढली. ब-१७, कोंब दिसला आठव्या दिवशी, फोटो काढला अकराव्या. मग बाकीच्या बाटल्या लावून पाहिल्या. वहीत सात, आठ, आठ, नऊ. प्रबंधात बावीस, चोवीस, चोवीस, पंचवीस. एकही आकडा चुकून बदललेला नाही. सगळ्यांत पंधरा-सोळा दिवस मिळवलेले आहेत, कारण जखमेतून फुटणाऱ्या खऱ्या कोंबाला तीन-चार आठवडे लागायला हवेत हे तुला माहीत होतं, आणि आठव्या दिवशी डोळ्यातलाच येतो हेही माहीत होतं.

म्हणजे तू ओळखलं होतंस. कदाचित पहिल्याच दिवशी. तू भिंगातून पाहिलंस आणि म्हणालीस, “छान कापलंस, ताई.” मी तेव्हा पदराआड हसले होते. मला कुठे माहीत की माझ्यासमोर माझ्याहून पक्की बसली आहे. मूग गिळून बसलीस ती एकोणीस वर्षं, आणि मी इकडे स्वतःच्या चातुर्यावर खूश.

किती राग आला सांगू? आधी तर मला तुझ्या खोटेपणाचा आलाच नाही. मला राग आला की तू मूर्ख नव्हतीस. लाज वाटण्यासारखं आहे, पण तसं झालं खरं.

खरी चीड नंतर आली, मुंगी ओले केस पुसत येऊन म्हणाली, “ताई, पान सत्याऐंशी मलाही फार आवडतं,” तेव्हा. ती नऊ महिने हजाराहून जास्त डोळे काढत बसली आहे, तुझ्या पान त्रेचाळीसवर विश्वास ठेवून, आणि दर चोविसाव्या दिवशी बाटल्यांत पिवळे गोळे बघून स्वतःला बोल लावते आहे. तिने चकत्या करून बघायचं म्हटलं म्हणून तू तिला घालवायला निघालीस. आणि त्यासाठी पाठवलंस कुणाकडे, तर माझ्याकडे! तुला खात्री होती. ताईने एकदा डोळा ठेवला, ताई पुन्हा ठेवील, वर तिला वाटेल की आपण धाकटीला वाचवतो आहोत. तुझा हिशेब बरोबर होता, गं. १६ तारखेचं माझं पत्र काढून वाच, मी जवळजवळ तेच करत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला घेऊन कापायला बसले. वीस तुकडे तिने कापले, तिच्या पद्धतीने. वीस मी, एकोणीस वर्षांपूर्वीच्या माझ्या पद्धतीने, तिला भिंगाखाली प्रत्येक दाखवत. ती प्रत्येक तुकडा वाकून पाहत होती आणि बाटलीवर चिठ्ठी लावत होती. आठव्या दिवशी, परवा, माझ्या वीसपैकी अठरा बाटल्यांत कोंब. तिच्या एकाही बाटलीत नाही.

“म्हणजे माझं बरोबर होतं?” तिने विचारलं.

“हो.”

“पहिल्यापासून?”

“हो.”

ती मीडियाच्या खोलीत फरशीवर बसली आणि ढसाढसा रडली. मला रडणारी माणसं सहन होत नाहीत, तुला माहीत आहे. पण या खेपेला मी तिच्या हातातून काही काढून घेतलं नाही. मीही खाली बसले. गुडघे दुखत होते, तरी बसले. मग वही दाखवली, फोटो दाखवला. “मॅडमना माहीत होतं?” तिने विचारलं. मी म्हटलं, तूच बघ. तिने आकडे एकेक बोट ठेवून वाचले आणि मग मला विचारलं, “आणि तुम्हाला?” मी सांगितलं की मीच केलं.

दाखला सोबत आहे. ही तुझी प्रत, मूळ मी काल थेट समितीला रजिस्टर पोस्टाने पाठवला. त्यात लिहिलं आहे की सदर विद्यार्थिनीचा हात मी तीस वर्षांत पाहिलेल्या हातांत सगळ्यांत स्वच्छ आहे. तिला कोंब आले नाहीत कारण तिने काम सांगितल्याप्रमाणे केलं. ज्या प्रबंधावरून तिने काम केलं त्यातले तुकडे मी कापले होते आणि त्यांतले डोळे मुद्दाम ठेवले होते. वहीच्या अकरा पानांच्या छायाप्रती जोडल्या आहेत. साहेबांनी प्रत्येक पानावर शिक्का मारून सही केली, अर्थातच न वाचता. मला निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. बहुधा आता राहिली नाहीत. यांना सांगितलं आहे. यांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि म्हणाले की चहा मी करतो.

जुन्या नमुन्यांच्या चकत्या आता होतीलच. तू खर्चाचं कारण पुन्हा देऊ नकोस, तुझी तिथे डाळ शिजणार नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. त्या दिवशी भिंगातून मान वर करून तू म्हणाली असतीस, “ताई, डोळा राहिलाय,” तर मी ब्लेड उचललं असतं आणि काढला असता. तुझं कदाचित झालं नसतं. तू रडली असतीस, मी तुला घरी नेलं असतं. पण त्या क्षणी आपण दोघी एकमेकींच्या बरोबरीच्या झालो असतो. मी ते वाक्य ऐकायला थांबले होते, धाकटे. मला वाटतं मी त्यासाठीच पहिला डोळा ठेवला होता.

मुंगी उद्या सकाळच्या गाडीने निघते. समितीपुढे ती स्वतः बोलणार आहे. त्याआधी ती तुझ्या खोलीत येईल, तशी ती रीतीची आहे, आणि तुझ्या खुर्चीला धक्का लागला तर माफीही मागेल. तू तिला बसायला सांग आणि आधी तू बोल. मी तिची माफी मागून पाहिली. काल, बाटल्या भरताना. तिने हातातलं काम पुरं केलं, झाकण लावलं, चिठ्ठीवर तारीख टाकली आणि म्हणाली, “नऊ महिने, ताई.” आणि पुढची बाटली घेतली.

माझी गुन्ह्यातली जोडीदारीण तू, म्हणून अजूनही

तुझी,
ताई